मेनफ्रेमची खिडकी: ३२७० इम्युलेटर लावताना आणि वापरताना

नागपूरला मिहानमध्ये किंवा परसोडीच्या आयटी पार्कात सपोर्टच्या टीममध्ये नवीन आलेल्या माणसाला लॅपटॉप मिळतो, व्हीपीएन मिळतं आणि एक काळी खिडकी मिळते. तिला कमांड प्रॉम्प्ट समजून तो टाइप करत सुटतो आणि थोड्याच वेळात कीबोर्ड लॉक होतो. खाली फुलीची खूण येते, कुठलंही बटण चालत नाही, आणि शेजारच्याला प्रश्न जातो, "काहून अडकलं हे, भाऊ?" बिघडलेलं काहीच नसतं. ती खिडकी म्हणजे मेनफ्रेम या मोठ्या, सामायिक संगणकाशी बोलणारं ३२७० टर्मिनल. ते वागतं कसं, एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

नागपूर स्टेशनवरची आरक्षणाची खिडकी डोळ्यांसमोर आणा. तुम्ही फॉर्म भरता, खोडता, पुन्हा लिहिता. तोवर आतल्या माणसाला त्यातलं काहीच ठाऊक नसतं. फॉर्म आत सरकवला की तुमचा हात मोकळा, पण आतून उत्तर येईपर्यंत दुसरा फॉर्म देता येत नाही. ३२७० असंच चालतं. मेनफ्रेम तुमच्या खिडकीत एक फॉर्म पाठवतं. त्यात काही चौकटी लिहिण्याच्या असतात, बाकीचा भाग संरक्षित असतो. तुम्ही टाइप करता ते तुमच्याच लॅपटॉपवर राहतं. एंटर किंवा एखादं पीएफ बटण (लॅपटॉपवरचं एफ१, एफ२ वगैरे) दाबलं की मगच फॉर्म जातो, आणि तोही सगळा नाही: हात लावलेल्या चौकटी तेवढ्या जातात. आयबीएमनं १९७१ साली ही टर्मिनलं आणली तेव्हा एका मशीनला शेकडो टर्मिनलं जोडायची होती. प्रत्येक अक्षरासाठी मेनफ्रेमला जागं करणं परवडणारं नव्हतं, म्हणून ही रचना. आज टर्मिनलाच्या जागी इम्युलेटर नावाचा प्रोग्राम आला, तार जाऊन टेलनेटवर चालणारा टीएन३२७०ई हा प्रोटोकॉल आला, पण व्यवहार तोच राहिला.

आधी विचारून घ्यायच्या गोष्टी

इम्युलेटर उघडण्याआधी होस्ट, म्हणजे ते मेनफ्रेम, सांभाळणाऱ्या टीमकडून एका मेलमध्ये सगळं मागून घ्या. नाहीतर दर दोन तासांनी एक प्रश्न जातो, आणि ती टीम न्यूयॉर्कला असेल तर ते आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असल्यामुळे प्रत्येक उत्तराला एक दिवस जातो.

होस्टचं नाव मागा, आयपी पत्ता नको. डीआर ड्रिलच्या, म्हणजे पर्यायी मशीनवर जाण्याच्या रंगीत तालमीच्या दिवशी पत्ता बदलतो, नाव तेच राहतं. पोर्ट विचारा: साध्या टेलनेटचा २३ आणि टीएलएसचा, म्हणजे कुलूपबंद जोडणीचा, ९९२ हा प्रघात आहे, पण पुष्कळ ठिकाणी वेगळा आकडा ठेवलेला असतो. टीएलएस असेल तर सर्टिफिकेट कुठल्या अथॉरिटीचं आहे आणि तिचं मूळ सर्टिफिकेट तुमच्या लॅपटॉपवर आहे का, हे विचारा. एलयू नाव ठरावीक द्यायचं की पूलमधून आपोआप मिळतं, स्क्रीनचं मॉडेल कोणतं, कोडपेज (अक्षरांच्या आकड्यांचा तक्ता) कोणता, आणि लॉगऑनच्या पहिल्या स्क्रीनवर कोणत्या ॲप्लिकेशनचं नाव टाकायचं, हेही त्याच मेलमध्ये घाला.

एलयू नाव म्हणजे मेनफ्रेमच्या लेखी तुमच्या टर्मिनलाची ओळख. ती ठरावीक दिलेली असेल तर त्याच नावानं दुसरी खिडकी उघडता येत नाही. दोन-तीन खिडक्या लागणार असतील तर सुरुवातीलाच तसं सांगा. सीआयसीएस या मेनफ्रेमवरच्या व्यवहार-प्रणालीत चालणारी काही ॲप्लिकेशनं एलयू नाव पाहूनच परवानगी देतात, त्यामुळे शेजाऱ्याची प्रोफाइल कॉपी करून चालवू नका. त्याचं बंद पडेल आणि तुमचंही चालणार नाही.

कोणता इम्युलेटर

कंपनीनं दिला असेल तोच. बहुधा तो आयबीएम पर्सनल कम्युनिकेशन्स, म्हणजे सगळे ज्याला पीकॉम म्हणतात तो, किंवा रॉकेट ब्लूझोन, रिफ्लेक्शन, रम्बा यांपैकी एक असतो. फुकट आणि चांगला हवा असेल तर एक्स३२७० कुटुंबातला विंडोजवरचा डब्ल्यूसी३२७० आहे. पुटी मात्र चालणार नाही. पुटीला टेलनेट येतं, ३२७० येत नाही.

क्लायंटकडे मेनफ्रेम नसून आयबीएम आय, म्हणजे जुनं एएस/४००, असेल तर ३२७० उपयोगाचं नाही. तिथे ५२५० इम्युलेशन लागतं. त्यात फील्ड एक्झिट नावाचं वेगळं बटण असतं, आणि आकड्यांच्या चौकटीतून ते न दाबता बाहेर पडलात तर एंटर नाकारलं जाऊ शकतं. बाकी सगळं भावंडांसारखं सारखं, पण गल्लत करू नका.

सेशन तयार करणं

पीकॉममध्ये नवीन सेशन उघडून कॉन्फिगर करताना होस्टचा प्रकार झेडसिरीज, इंटरफेस लॅन आणि अटॅचमेंट टेलनेट३२७० निवडा. लिंक पॅरामीटर्समध्ये होस्टचं नाव, एलयू नाव (दिलं असेल तरच, नाहीतर रिकामं) आणि पोर्ट भरा. त्याच ठिकाणी सिक्युरिटीच्या टॅबवर टीएलएस चालू करा. सेशन पॅरामीटर्समध्ये स्क्रीनचा आकार आणि कोडपेज निवडा. मग प्रोफाइल समजेल अशा नावानं सेव्ह करा. 'सेशन१' आणि 'नवीन२' ही नावं महिन्याभरानं कुणालाच कळत नाहीत.

डब्ल्यूसी३२७० मध्ये सेशन विझार्ड हेच प्रश्न एकामागोमाग विचारतो आणि शेवटी डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवतो. त्यात होस्टचं सर्टिफिकेट तपासायचं का, असा पर्याय येतो. कनेक्शन जमत नाही म्हणून तो बंद करण्याचा मोह होतो. बंद करू नका. मूळ सर्टिफिकेट विंडोजच्या स्टोअरमध्ये घालून घेणं हा त्यावरचा उपाय आहे. लॅपटॉपचं घड्याळ आणि तारीखही पाहा. बॅटरी पूर्ण उतरून पडून राहिलेल्या लॅपटॉपवर तारीख चुकते आणि सर्टिफिकेट 'अजून लागू नाही' म्हणून नाकारलं जातं.

स्क्रीनचा आकार मॉडेलच्या आकड्यावर ठरतो. मॉडेल २ म्हणजे २४ ओळी आणि ८० रकाने, मॉडेल ३ म्हणजे ३२ बाय ८०, मॉडेल ४ म्हणजे ४३ बाय ८० आणि मॉडेल ५ म्हणजे २७ बाय १३२. जुनी सीआयसीएस ॲप्लिकेशनं मॉडेल २ धरूनच लिहिलेली असतात. एसडीएसएफ या होस्टवरच्या प्रोग्राममध्ये जॉबचं आउटपुट वाचायचं असेल तर १३२ रकाने हवेत, नाहीतर प्रत्येक ओळीसाठी डावीकडे-उजवीकडे सरकत बसावं लागतं. आमचं मत: सीआयसीएससाठी मॉडेल २ ची एक प्रोफाइल आणि टीएसओसाठी, म्हणजे मेनफ्रेमवर स्वतः कमांड देण्याच्या जागेसाठी, मॉडेल ४ किंवा ५ ची दुसरी ठेवा.

मॉडेल ५ निवडूनही आयएसपीएफ (टीएसओवरचे मेन्यू आणि एडिटर) २४ बाय ८० मध्येच उघडतं, ही नेहमीची तक्रार. दोन जागा तपासा. पहिली, आयएसपीएफचा पर्याय ०, सेटिंग्ज. तिथे स्क्रीन फॉरमॅट मॅक्स करा, म्हणजे आकडा ३. तरी फरक पडला नाही तर होस्टवर तुमच्या एलयूला लावलेला लॉगमोड (टर्मिनल कसं आहे ते सांगणारी नोंद) मोठ्या स्क्रीनला परवानगी देत नाही. ते तुमच्या हातातलं नाही. नेटवर्क टीमला लॉगमोड बदलायला सांगा.

कंसांचा घोळ, म्हणजे कोडपेज

अक्षरांना आकडे देताना मेनफ्रेम लॅपटॉपसारखं ॲस्की वापरत नाही, ईबीसीडीआयसी वापरतं. ए ते झेड आणि आकडे सगळ्या इंग्रजी कोडपेजांत एकाच जागी आहेत, त्यामुळे चूक पटकन दिसत नाही. ती दिसते चौकोनी कंसांत. कोडपेज ०३७ मध्ये [ आणि ] यांच्या जागा हेक्समध्ये बीए आणि बीबी आहेत, तर १०४७ मध्ये एडी आणि बीडी. तसंच ^ आणि ¬ या दोन खुणांच्या जागा या दोन पेजांत एकमेकींत बदललेल्या आहेत. कोबोल लिहिणाऱ्याला वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. सी प्रोग्राम किंवा यूनिक्स सर्व्हिसेसची फाइल उघडली की कंसांच्या जागी भलतंच काहीतरी येतं आणि कंपायलर रुसतो. तिथे बहुतेक १०४७ लागतो. शंका असेल तर आयएसपीएफ एडिटमध्ये हेक्स ऑन द्या, कंसाखालचे दोन आकडे वाचा आणि त्यावरून ठरवा. डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरावर विसंबू नका, ते इम्युलेटरनं आपल्या समजुतीनं रंगवलेलं असतं.

मराठी टायपिंगची सवय असणाऱ्यांसाठी एक. विंडोज आणि स्पेस ही बटणं चुकून एकत्र दाबली गेली की कीबोर्ड देवनागरीवर जातो. मग इम्युलेटरमध्ये काहीच उमटत नाही किंवा प्रश्नचिन्हं येतात, आणि माणूस कनेक्शन तपासत बसतो. आधी टास्कबारचा कोपरा पाहा. रुपयाचं ₹ हे चिन्हही ०३७ किंवा १०४७ मध्ये नाहीच. एक्सेलमधून रक्कम चिकटवताना ते काढून टाका. वर्डमधली वळणदार अवतरणचिन्हं आणि लांब डॅशसुद्धा.

बटणं

इथे पहिल्याच दिवशी अर्धा तास घालवा. तेवढी मेहनत पुढे वर्षभर पुरते.

फॉर्म आत सरकवणारी बटणं म्हणजे एंटर आणि पीएफ१ ते पीएफ२४. पीएफ१३ पासून पुढची बहुधा शिफ्टसोबत एफ१ ते एफ१२ अशी असतात. पीए१, पीए२ आणि क्लिअर यांचा प्रकार वेगळा. ती खिडकीवर टकटक करतात, फॉर्म आत देत नाहीत. म्हणजे भरलेली स्क्रीन असताना क्लिअर दाबलंत तर टाइप केलेलं गेलं. उलट पीएफ३ फॉर्मसकट जातं. आयएसपीएफ एडिटमध्ये पीएफ३ म्हणजे 'सेव्ह न करता बाहेर' असं समजणाऱ्यांनी कितीतरी चुकीचे बदल जतन केले आहेत. नेहमीच्या सेटिंगमध्ये पीएफ३ बदल सेव्ह करूनच बाहेर पडतं. बदल टाकून द्यायचे असतील तर कमांडच्या ओळीवर कॅन्सल लिहा.

रिसेट मात्र पूर्णपणे स्थानिक आहे. मेनफ्रेमला त्याचा पत्ताही लागत नाही, फक्त तुमचा कीबोर्ड मोकळा होतो.

आता लॅपटॉपची अडचण. पीकॉमच्या जुन्या मांडणीत उजवं कंट्रोल म्हणजे ३२७० चं एंटर, मोठं एंटर म्हणजे नुसतं पुढच्या ओळीवर जाणं, डावं कंट्रोल म्हणजे रिसेट आणि पॉज म्हणजे क्लिअर. मूळ टर्मिनलाच्या कीबोर्डवर बटणं अशाच जागी होती, म्हणून. पण आजच्या लॅपटॉपवर पॉज नसतं, काहींवर उजवं कंट्रोलही नसतं, आणि एफ१ दाबलं की आवाज बंद होतो. म्हणून कीबोर्ड सेटअपमध्ये जाऊन मोठं एंटर हेच एंटर करा, क्लिअर ऑल्ट-सीवर, रिसेट ऑल्ट-आरवर आणि पीए१ ऑल्ट-१ वर ठेवा. डब्ल्यूसी३२७० मध्ये ही तीन मुळातच अशी आहेत. पेज अप आणि पेज डाउन यांवर पीएफ७ आणि पीएफ८ ठेवा. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की एफ-बटणं कायमची मोकळी होतात. टीममध्ये सगळ्यांनी एकच मांडणी वापरली तर स्क्रीन शेअर करताना 'तुझं रिसेट कुठंय' हा प्रश्न उरत नाही.

कीबोर्ड लॉक झाला की खालची ओळ वाचा

स्क्रीनच्या अगदी तळाशी एक स्टेटसची ओळ असते. डाव्या कोपऱ्यात कनेक्शनची खूण, मधे लॉकची कारणं, उजवीकडे कर्सर कुठल्या ओळीत आणि रकान्यात आहे ते. फुली दिसली म्हणजे फॉर्मवर आत्ता लिहिता येत नाही. फुलीच्या पुढे काय आहे त्यावर उपाय ठरतो.

फुलीपुढे दोन बाणांच्या मधे माणसाचं चित्र असेल तर तुम्ही संरक्षित जागेत टाइप करायला गेलात. रिसेट दाबा, टॅबनं योग्य चौकटीत जा. लक्षात ठेवा, प्रत्येक चौकटीच्या अगदी आधीचा एक रकाना तिच्या गुणधर्माच्या बाइटनं व्यापलेला असतो. तो रिकामा दिसतो, पण तिथे लिहिता येत नाही. माउसनं क्लिक करताना नेमकं तिथेच बोट पडतं.

फुलीपुढे माणूस आणि > ही खूण किंवा 'ओव्हरफ्लो' असेल तर इन्सर्ट मोडमध्ये चौकट भरली आहे. डोळ्यांना तर पुढे मोकळी जागा दिसते! ती जागा मोकळी नसते, तिथे स्पेस भरलेले असतात. ३२७० ला इन्सर्टसाठी नल, म्हणजे खरोखर रिकाम्या जागा, लागतात, स्पेस हे त्याच्या लेखी अक्षर आहे. एंड ऑफ फील्डपर्यंत पुसणारं इरेज ईओएफ एकदा दाबलं की शेपटाचे स्पेस जातात. आयएसपीएफ एडिटमध्ये नल्स ऑन ठेवलं की हा त्रास बहुतेक मिटतो, आणि डब्ल्यूसी३२७० मध्ये ब्लँक फिल नावाचा पर्याय आहे.

फुलीपुढे सिस्टम किंवा घड्याळ असेल तर तुमचा फॉर्म आत गेलाय, उत्तर यायचंय. थांबा. रिसेट मारून पुन्हा एंटर मारणं हा सर्वांत वाईट उपाय. रिसेटनं आतलं काम थांबत नाही, आणि दुसरं एंटर पुढे येणाऱ्या स्क्रीनवर जाऊन पडू शकतं. ती स्क्रीन 'डिलीट करू का' विचारणारी असेल तर? इम्युलेटरमध्ये टाइप-अहेड चालू असतं, म्हणजे लॉक असताना दाबलेली बटणं साठवून नंतर पाठवली जातात, तेव्हा हा धोका दुप्पट. प्रॉडक्शनच्या प्रोफाइलमध्ये टाइप-अहेड बंदच ठेवा. टीएसओत एखादी कमांड खरंच अनंतकाळ चालली असेल तर आधी रिसेट, मग अटेन्शन किंवा पीए१.

टीएसओत स्क्रीनवर नुसते तीन तारे (***) दिसले तर काही बिघडलेलं नाही. पान भरलंय, एंटर दाबा. सीआयसीएसमध्ये नवीन ट्रान्झॅक्शनचा चार अक्षरी कोड टाकण्याआधी क्लिअर दाबून स्क्रीन मोकळी करा.

लाइट गेली, राउटर गेला

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की मनीषनगरात काय किंवा त्रिमूर्तीनगरात काय, दुपारी लाइट जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो पण राउटर बंद होतो. तुम्ही मोबाइलचं हॉटस्पॉट लावता, व्हीपीएन पुन्हा जोडता. नवीन जोडणी म्हणजे नवीन पत्ता. जुनं टीसीपी कनेक्शन मेलं, पण मेनफ्रेमला ते ठाऊक नाही. त्याच्या लेखी तुमचं जुनं टर्मिनल अजून खिडकीशी उभं आहे.

म्हणून पुन्हा लॉगऑन करताना आयकेजे५६४२५आय हा मेसेज येतो: लॉगऑन नाकारलं, यूझरआयडी वापरात आहे. घाबरू नका आणि हेल्पडेस्कला सेशन मारायलाही सांगू नका. टीएसओच्या लॉगऑन पॅनलवर खाली रिकनेक्ट असा पर्याय आहे, त्यापुढे एस ठेवा आणि पासवर्ड देऊन एंटर मारा. बहुतेक वेळा अर्धवट एडिटसकट सेशन परत मिळतं. उशीर मात्र करू नका. नुसतं पडून राहिलेलं सेशन ठरावीक वेळानं एस५२२ अबेंड होऊन, म्हणजे सिस्टमनंच मधेच बंद करून, संपतं, आणि तेव्हा परत मिळायला काही उरत नाही. एलयू नाव ठरावीक असेल तर जुनं कनेक्शन होस्टच्या लक्षात येईपर्यंत तेच एलयू 'वापरात' दिसू शकतं. पूलमधल्या एलयूला ही अडचण येत नाही.

राउटरला छोटा यूपीएस लावा. लॅपटॉपला नाही, राउटरला.

लाइट असतानाही दर अर्ध्या तासानं कनेक्शन तुटत असेल तर मधला कुठलातरी फायरवॉल शांत कनेक्शन कापतोय. इम्युलेटरमध्ये कीप-अलाइव्ह चालू करा. तेवढ्यानं भागलं नाही तर होस्टच्या टेलनेट सेटिंगमध्ये टाइममार्क आणि स्कॅनइंटर्व्हल हे दोन आकडे कमी करता येतात. ते त्यांच्याकडून करून घ्या. आणि रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास कनेक्शन तुटलं तर व्हीपीएनला दोष देण्याआधी न्यूयॉर्कमध्ये किती वाजले ते पाहा. उन्हाळ्यात तिथे पहाटेचे दोन असतात, आणि देखभालीची वेळ अनेकदा तीच असते. तर्रीपोहे खाऊन या.

चार खिडक्या आणि चार रंग

एकाच वेळी टेस्ट, प्री-प्रॉडक्शन, प्रॉडक्शन आणि सीआयसीएस अशा खिडक्या उघड्या असतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात. चुकीच्या खिडकीत जॉब सबमिट होतो तो असाच. प्रत्येक प्रोफाइलला वेगळी पार्श्वभूमी द्या आणि खिडकीच्या शीर्षकात सिस्टमचं नाव लिहा. प्रॉडक्शनला गडद लाल, टेस्टला काळी. ३२७९ या रंगीत टर्मिनलाच्या सात रंगांत, म्हणजे निळा, लाल, गुलाबी, हिरवा, फिरोजी, पिवळा आणि पांढरा यांत, नारंगी नाही, हे नागपूरकरांना थोडं टोचेल. पण इम्युलेटरची पार्श्वभूमी हवी ती ठेवता येते, तेव्हा प्री-प्रॉडक्शन नारंगी करून घ्या.

एका टीएसओ यूझरआयडीनं एकाच सिस्टमवर दोनदा लॉगऑन होण्याची अपेक्षा ठेवू नका. त्याऐवजी आयएसपीएफमध्ये पीएफ२ नं स्क्रीन विभागा, पीएफ९ नं अदलाबदल करा, आणि किती स्क्रीन उघड्या आहेत ते स्वॅप लिस्टनं पाहा.

नागपूर ते अमेरिकेचा पूर्व किनारा ही फेरी साधारण पाव सेकंदाची धरा. टाइप करताना ती जाणवत नाही, कारण टायपिंग लॅपटॉपवरच चालतं. पण पीएफ८ वीस वेळा दाबलं की वीस फेऱ्या झाल्या. त्यापेक्षा फाइंड द्या: एक फेरी. शेवटच्या ओळीवर जायचंय तर कमांडच्या ओळीवर एम लिहून पीएफ८ दाबा.

फाइल आणणं आणि नेणं

इम्युलेटरमधल्या ट्रान्सफरच्या मेन्यूमागे होस्टवरचा इंड$फाइल हा प्रोग्राम असतो. टीएसओचा रेडी प्रॉम्प्ट किंवा आयएसपीएफचा पर्याय ६ उघडा असेल तरच तो चालतो. दुसऱ्या कुठल्या पॅनलवरून सुरू केलात तर तो त्या पॅनलच्या चौकटीत अक्षरं ओतत बसतो आणि वेळ संपल्यावर थांबतो. डेटासेटचं, म्हणजे मेनफ्रेमवरच्या फाइलचं, पूर्ण नाव देत असाल तर एकेरी अवतरणात द्या. नाहीतर पुढे तुमचा यूझरआयडी आपोआप लागतो आणि 'डेटासेट सापडला नाही' असं उत्तर येतं.

मजकुराच्या फाइलसाठी ॲस्की आणि सीआरएलएफ (ओळीच्या शेवटाची खूण) हे दोन्ही पर्याय लावा. नवीन डेटासेट असेल तर एलआरईसीएल, म्हणजे रेकॉर्डची लांबी, द्या, सोर्ससाठी ८०. तुमच्या फाइलमध्ये त्याहून लांब ओळ असेल तर ट्रान्स०३ या यशाच्या मेसेजऐवजी ट्रान्स०४ येतो: फाइल गेली, पण रेकॉर्ड तुकड्यांत मोडले. बरेच जण 'कंप्लीट' एवढाच शब्द वाचून पुढे जातात. शेवटचा आकडा वाचा.

कॉम्प-३, म्हणजे पॅक्ड डेसिमल रकमा असलेली फाइल मजकूर म्हणून कधीच आणू नका. रूपांतर प्रत्येक बाइटला अक्षर समजून बदलतं, आणि त्या बाइटमध्ये अक्षर नसतंच, दोन आकडे असतात. फाइल उघडते, नावं बरोबर दिसतात, रकमा तेवढ्या बिघडतात. ती पुन्हा वर पाठवली तर दुरुस्त होत नाही. आधी होस्टवरच सॉर्टसारख्या युटिलिटीनं रकमा वाचता येतील अशा आकड्यांत आणा, मग उतरवा. लोड मॉड्यूल (कंपाइल होऊन तयार प्रोग्राम) थेट नेऊ नका, आधी होस्टवर एक्समिट या कमांडनं त्याची बांधलेली फाइल करा. एक्समिट केलेली फाइल असेल तर ॲस्की आणि सीआरएलएफ दोन्ही काढून, ८० च्या फिक्स्ड रेकॉर्डमध्ये बायनरी न्या.

वेळेचा हिशेब पाहा. ५ एमबीची फाइल २ केबीच्या ब्लॉकनं पाठवली तर २,५६० फेऱ्या. पाव सेकंदानं ६४० सेकंद, म्हणजे दहा मिनिटांच्या वर. ब्लॉक ३२ केबीच्या जवळ नेला की १६० फेऱ्या, ४० सेकंद. इम्युलेटरच्या ट्रान्सफर सेटिंगमध्ये ब्लॉक किंवा बफरचा आकार ३२,७६७ पर्यंत वाढवता येतो. याहून फार मोठ्या फाइलींसाठी इंड$फाइलच्या नादी लागू नका, एसएफटीपी मागा.

मॅक्रो

रोजचं लॉगऑन रेकॉर्ड करून ठेवणं सोयीचं आहे, पण रेकॉर्डर पासवर्डही साध्या मजकुरात टिपतो. पासवर्डच्या आधी रेकॉर्डिंग थांबवा. मॅक्रोत 'दोन सेकंद थांब' असं लिहू नका. ज्या दिवशी होस्ट तीन सेकंद घेईल त्या दिवशी पुढची अक्षरं चुकीच्या स्क्रीनवर पडतील. ठरावीक ठिकाणी ठरावीक मजकूर दिसेपर्यंत थांब, असंच लिहा. ट्रेस फाइलचंही, म्हणजे होस्टशी झालेल्या देवाणघेवाणीच्या नोंदीचंही, तसंच. टीएलएसचं कुलूप लागण्याआधीचा उघडा डेटा तिच्यात उतरतो, आणि ईबीसीडीआयसी म्हणजे काही कुलूप नव्हे. ट्रेस हेल्पडेस्कला पाठवली की पासवर्ड बदला.

जोडणीच होत नसेल तर

बाहेरून आत या. आधी व्हीपीएन. मग पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड होस्टचं नाव आणि पोर्ट देऊन चालवा. नाव उलगडत नसेल तर डीएनएस, नाव उलगडतं पण पोर्ट उघडत नाही तर फायरवॉल. पोर्ट उघडतोय आणि पीकॉमच्या तळाशी कॉम६५५ हा कोड अडकलाय, तर जोडणी झाली पण बोलणी पुरी झालेली नाहीत. बहुधा टीएलएसच्या पोर्टवर तुम्ही साधं बोलताय, किंवा उलट. कॉम६५७ वरच थांबलाय तर जोडणीच लागलेली नाही, पुन्हा व्हीपीएनकडे जा. कॉम६५४ असेल तर एलयू नाव चुकीचं आहे. ते रिकामं ठेवून पाहा. जोडलं गेलंय पण स्क्रीन काळी ठार, तर एकदा क्लिअर आणि एकदा एंटर दाबून बघा.

घरच्या लॅपटॉपवर कुणाला धक्का न लावता सराव करायचा असेल तर हर्क्युलिस या अख्ख्या मेनफ्रेमची नक्कल करणाऱ्या फुकट इम्युलेटरवर एमव्हीएस ३.८जे या जुन्या ऑपरेटिंग सिस्टमचं तयार पॅकेज टीके४- किंवा टीके५ चालवा आणि डब्ल्यूसी३२७० ला स्वतःच्याच मशीनवरच्या ३२७० पोर्टला जोडा. आजचं झेड/ओएस तिथे मिळणार नाही, पण लॉगऑन, पीएफ बटणं, तीन तारे आणि फुली, सगळं खरं मिळतं.

निघताना

खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून शिफ्ट संपवू नका. ते म्हणजे लाइट जाण्यासारखंच, आत सेशन उभंच राहतं आणि दुसऱ्या दिवशी 'यूझरआयडी वापरात' येतं. आयएसपीएफमधून =एक्स द्या. लॉग डेटासेटचं काय करायचं असं पॅनल आलं तर २, म्हणजे न छापता पुसून टाका. विभागलेल्या स्क्रीन असतील तर प्रत्येकीत हेच करावं लागतं. रेडी आल्यावर लॉगऑफ. सीआयसीएसमध्ये स्क्रीन क्लिअर करून सीईएसएफ लॉगऑफ. पहिली लॉगऑनची स्क्रीन परत दिसली की मग खिडकी बंद करा.